डेंजरस म्हणजे किती आणे

गुरुवार, तारीख ९ नोव्हेंबर १९४४. दिलेली रक्कम एक रुपया दोन आणे, वडूजहून तार घेऊन नऊ मैल चालत आलेल्या माणसाला. हजर तिघे: मी, माझी थोरली वहिनी आणि तो माणूस. सकाळचे दहा वाजले असतील. अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या आणि वहिनी त्या पायाने खालीवर करत होत्या.

तार वहिनींच्या नावाची होती. त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा पुतण्या, तीन वर्षांपूर्वी पलटणीत भरती झाला होता आणि ब्रह्मदेशाच्या बाजूला लढाईवर होता. माझा थोरला भाऊ त्याच्या आधीच वारला होता. वहिनींना वाचता येत नव्हतं आणि गावात इंग्रजी वाचणारा मी एकटाच. त्यामुळे तार माझ्या हातात आली.

मजकूर थोडाच होता. मुलगा तापाने आजारी आहे, जबलपूरच्या लष्करी इस्पितळात आणला आहे, नातेवाइकांना भेटायला येता येईल. एवढं मला लगेच कळलं. अडलो ते एका शब्दाशी. आजारी कसा, तर 'डेंजरसली'.

वहिनींनी पाय थांबवला. त्यांनी काय झालं असं विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "किती आण्याचं हाय, भावजी?"

हा प्रश्न त्यांनी असा का विचारला, ते आधी सांगायला हवं.

मी गावी शेतीवर येण्याआधी चौदा वर्षं सांगलीला एका अडत दुकानात कारकून होतो. हळद आणि शेंगा मुंबईच्या व्यापाऱ्यांना जायच्या आणि तिकडून मालाबद्दल इंग्रजीत पत्रं यायची. माल 'स्लाइटली' ओला निघाला. माल 'कन्सिडरेबली' डागी निघाला. मी ती पत्रं शेठना वाचून दाखवायचो. थोडा ओला, बराच डागी, असं मी म्हटलं की शेठ चिडायचे. "थोडा म्हणजे किती? शब्दावर मी सूट कशी कापू? आकडा बोल."

मग मी एक वही केली. मुंबईवाल्यांनी कोणत्या शब्दाला रुपयामागे किती आणे कापले, ते मागची पत्रं आणि मागचे हिशेब समोर ठेवून काढलं. स्लाइटली एक आणा. रादर दोन. कन्सिडरेबली चार. बॅडली सहा. सीरियसली दहा. टोटली सोळा, म्हणजे माल पुरता वाया. वर्षभर पडताळा घेतला. एखाद-दुसऱ्या पत्रात अर्ध्या आण्याचा फरक पडला, त्यापेक्षा जास्त नाही. त्या वहीचा मला अभिमान होता, हे लपवत नाही. आपल्याकडे एकच 'लय'. लय ऊन, लय गोड, लय दुखतंय. बोलणारा तो शब्द किती लांबवतो, त्यावरून ऐकणाऱ्याने माप घ्यायचं. कागदावर शब्द लांबवता येत नाही, म्हणून साहेबाने प्रत्येक मापाला वेगळा शब्द केला असावा, असं मला वाटे. आणि शब्द वेगळे असतील तर त्यांची उतरंड लावता आलीच पाहिजे.

लढाई सुरू झाल्यावर गावातले पुष्कळ जण भरती झाले. घरोघर इंग्रजी कागद यायला लागले आणि ते सगळे माझ्याकडे यायचे. पहिली तार आली ती शेजारच्या मळ्यातल्या पोराची. 'स्लाइटली' जखमी. त्याची आई उंबऱ्यात बसून ऊर बडवायला लागली होती. मी म्हणालो, "एक आण्याचं दुखणं हाय. पंधरा आणे पोरगं शाबूत हाय." ती थांबली. दोन महिन्यांनी पोरगा रजेवर आला. डाव्या करंगळीचं नख गेलं होतं, एवढंच.

तेव्हापासून गावाला तीच सवय लागली. आण्यांत सांगितलेलं आमच्या लोकांना पटकन समजतं, कारण आमच्याकडे पीकही आण्यांतच ठरतं. सरकारी अंमलदार चावडीवर येतो. भरलेलं पीक सोळा आणे धरतात, आणि यंदाचं त्यातलं किती आणे, हे लोकांना विचारून, रान बघून लिहितो. पीक अगदी कमी आण्यांचं असलं तर शेतसारा तहकूब होतो. म्हणून तिथे खरा आकडा कुणी सांगत नाही. आठ आणे पिकलेला सहा सांगतो, अंमलदार मनात दोन वाढवतो, आणि दोघंही एकमेकांना ओळखून असतात.

माझी वही दुखण्याला अगदी चोख लागू पडत होती असंही नाही. एका घरी 'सिव्हिअरली' जखमी अशी तार आली. मी आठ आणे सांगितले. तो माणूस आला तेव्हा त्याचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता. मी वहीत आठ खोडून अकरा केले. तेव्हाच वही बंद करायला हवी होती. मी नुसता आकडा बदलला.

आता 'डेंजरसली'. हा शब्द माझ्या वहीत नव्हता. हळद डेंजरस नसते. मी तार हातात घेऊन अंगणात उभा होतो आणि हा शब्द पूर्वी कुठे पाहिला ते आठवत होतो. आठवलं ते असं. सांगलीला आमच्या दुकानामागे एका गोदामाची भिंत होती. बाहेरच्या बाजूला कललेली. कुणा ओव्हरसियरने तिच्यावर डांबराने मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'डेंजरस' लिहिलं होतं. मी दुकानात लागलो तेव्हा ते लिहिलेलं होतं आणि मी दुकान सोडलं तेव्हाही भिंत तशीच उभी होती. हमाल दुपारी तिच्या सावलीत जेवायचे. मी विचार केला की डेंजरस म्हणजे पडेल असं, पण अजून न पडलेलं. सीरियस म्हणजे बिघडलेलंच. त्या अर्थी डेंजरस हे सीरियसच्या खाली, बॅडलीच्या आसपास.

"सहा आणे," मी म्हणालो.

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. "सहा?"

"सहा. ताप हाय. धोका हाय म्हणत्यात, पर हुईल बरा. जबलपूरच्या इस्पितळात हाय, डाक्तर हाईत. भेटाया येता येतंय म्हणत्यात."

"जायला येतंय म्हणलासा न्हवं?"

"येतंय. पर जायाचं म्हंजी आदी साताऱ्याला जाऊन गाडीचा सरकारी फुकट पास आणाया पायजे. मग तीन दिस गाडी. शाळूची कोळपणी तोंडावर हाय, शेंगा अशा पडल्यात. आठ दिस पत्राची वाट बघू. मग ठरवू."

त्या बरं म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा उलथायला लागल्या. तार आणणाऱ्याने पाणी मागितलं, ते त्यांनीच आणून दिलं. मला वाटलं, बाई धीराची आहे, आणि आकड्याने तिला धीर आला आहे.

त्या आठ दिवसांबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. कोळपणी झाली. शनिवारी वहिनी वडूजच्या बाजाराला जाऊन आल्या. एरवी त्या मीठमिरचीला कुणालातरी सांगायच्या, या खेपेला स्वतः गेल्या. त्या रात्रीचं जेवत नाहीत, हे माझ्या बायकोने मला सांगितलं. मी म्हणालो, आईचा जीव आहे. मी स्वतः दोन्ही वेळ पोटभर जेवत होतो.

शुक्रवारी, १७ तारखेला, दुसरी तार आली. तोच माणूस, तेवढेच पैसे. या वेळी तो मला वेशीबाहेर मळ्याच्या वाटेवर भेटला आणि घरी जायच्या ऐवजी तार त्याने माझ्याकडेच दिली. मी ती तिथेच बांधावर उघडली. आपला मुलगा आता 'सीरियसली' आजारी.

बांधावर बसलो. हा शब्द वहीत होता. दहा आणे.

डोक्यात आकडे आपोआप फिरायला लागले, मी त्यांना बोलावलं नव्हतं. गेल्या गुरुवारी सहा, आज दहा. आठ दिवसांत चार आणे चढलं. सोळाला उरले सहा. चार आण्यांना आठ दिवस, तर सहा आण्यांना बारा. सतरा आणि बारा एकोणतीस. बुधवार, २९ तारीख. एखाद्या मालाच्या भावाचा अंदाज काढावा तसा मी माझ्या पुतण्याचा दिवस काढला होता. तो काढून झाल्यावर मी तार पुन्हा वाचली. तार आणणारा समोरच उभा होता. तो म्हणाला, "मालक, काय वंगाळ हाय का?" मी न्हाई म्हणालो. त्याचे पैसे देताना दोन आण्यांचं नाणं हातातून दोनदा खाली पडलं.

तार मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि घरी काही बोललो नाही. रॉकेलच्या परमिटासाठी साताऱ्याला जाऊन येतो म्हणून सांगितलं. खोटं बोलण्याची मला सवय नाही. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या काही न विचारता आत गेल्या.

शनिवारी सकाळी वडूजहून मोटार धरली. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ आला की सगळ्यांनी उतरायचं. मी उतरत होतो, चढत होतो, आणि सबंध वाटेत बारा दिवसांतला एक दिवस असाच जातोय हे मोजत होतो. पासाला एक दिवस, घरी परतायला एक, गाडीचे तीन. २३ तारीख. सहा दिवस हातात राहतात. मग वाटायचं की ताप माझ्या हिशेबाने चढतोय कशावरून? शेवटचे सहा आणे एका दिवसातही चढतील.

साताऱ्याला शिपायांच्या घरच्यांची कामं बघणारी एक कचेरी होती. तिथे टेबलामागे एक पेन्शनीत निघालेले सुभेदार बसले होते. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी सुतळी बांधलेली. मी दुसरी तार पुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, मान हलवली आणि म्हणाले, "झ्याक हाय की. आता काय काम काढलं?"

मी म्हणालो, "सीरियसली हाय वो, सुभेदारसाहेब. आधी डेंजरसली होता, आता सीरियसली."

"व्हय. म्हणूनच म्हणतोय झ्याक हाय. पयली तार कुठाय?"

मी पहिली तार काढून दिली. त्यांनी दोन्ही तारा शेजारी शेजारी ठेवल्या, तारखा बघितल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ही नऊ तारकंची. आज अठरा. ही आली तवा का आला न्हाईस?"

"मी सहा आणे धरलं होतं."

"कसलं सहा आणे?"

मी त्यांना वहीचं सांगितलं. सांगलीचं, हळदीचं, भिंतीचं. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. त्यांनी टेबलावरची दौत उचलून वरच्या बाजूला ठेवली, तिच्या खाली टाक ठेवला.

"आजाऱ्याच्या याद्या दोनच, गड्या. सीरियस आन डेंजरस. डेंजरस वरची. डेंजरसच्या वर जे हाय त्येला किती म्हणून कुणी इचारत न्हाई. तुजा पुतण्या वरच्या पायरीवर हुता, आता एक पायरी खाली उतारलाय. समजलं का?"

समजलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. आठ दिवस तो चौदा-पंधरा आण्यांवर पडला होता आणि मी सहा धरून शाळूची कोळपणी करत होतो. ती आठही दिवसांची भीती मला त्या एका मिनिटात आली. काल बांधावरची भीती पुढच्या दिवसांची होती, तिला काहीतरी करता येत होतं. ही मागच्या दिवसांची होती. मी दोन्ही तारा उचलून घेतल्या.

"पास मिळंल का?" मी विचारलं. "त्याच्या आईला न्यायचं हाय."

"पास डेंजरसला असतो. तार आली त्याच दिशी आला असतास तर हितंच हातावर ठिवला असता. सीरियसला न्हाई." मग ते जरा थांबून म्हणाले, "तिकीट काढून ने. सरकार आडवं येत न्हाई त्याला. आन ती वही जाळ."

रविवारी दुपारी मी घरी पोहोचलो. वहिनी चुलीपाशी होत्या. मी दारातूनच सांगितलं, "उद्या जबलपूरला निघायचं."

त्या उठल्या. पदर सावरला. "गेला का?" त्यांनी विचारलं. एखादं जनावर बाजारात गेलं का असं विचारावं, त्या आवाजात.

"न्हाई वहिनी. बरा हाय. आधीपेक्षा बरा हाय."

"बरं."

त्यांचा माझ्यावर विश्वास बसलेला नाही हे मला दिसत होतं. दोन्ही तारा काढून मी सुभेदारांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, पायरीसकट. त्या ऐकत होत्या आणि गाठोडं बांधत होत्या. बोलून झाल्यावर म्हणाल्या, "आता आकडा सांगू नगा."

सोमवारी सातारा रोड स्टेशनावर दोन तिकिटं काढली. सत्तावीस रुपये चार आणे. वहिनींनी कमरेच्या पिशवीतून आपल्या तिकिटाचे तेरा रुपये दहा आणे काढून माझ्यापुढे धरले. मी घेतले नाहीत. पहिल्या तारेला निघालो असतो तर हा खर्च सरकारचा होता. माझ्या आकड्याने तो झाला, तेव्हा तो माझ्या नावावर.

गाडीत शिपाई, ट्रंका, वळकट्या. वहिनी पहिल्यांदाच आगगाडीत बसत होत्या, पण खिडकीबाहेर त्यांनी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मनमाडला गाडी बदलायला चार तास थांबलो. फलाटावर सावली बघून बसलो आणि भाकरी काढायला त्यांनी गाठोडं सोडलं. वर भाकरी, खाली शेंगांची चटणी, त्याखाली पुतण्यासाठी केलेले तिळाचे लाडू. आणि सगळ्यात खाली पांढरं कापड. कोरं मांजरपाट, घडी न मोडलेलं.

मी विचारलं, "ह्ये कशाला?"

त्यांनी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली. "सनवारी आणलं. बाजारातनं."

पहिल्या तारेनंतरचा शनिवार. कापड त्या दिवसांत कार्डावर मोजून मिळायचं. त्यांनी स्वतःच्या लुगड्याचं राहू देऊन हे घेतलं होतं, पाच वार. पाच वार कशाला लागतं, ते मला विचारावं लागलं नाही.

"वहिनी, मी सहा आणे म्हणालो होतो."

"तुमी सहा म्हणलासा म्हणून तर." त्या चटणीकडे बघत बोलत होत्या. "आकडा इचारल्यावर खरं कोण सांगतंय, भावजी? चावडीवर तुमी तरी सांगता का? मी म्हणलं, दिरानं सहा सांगितलं म्हंजी बारा असंल. मग तुमी म्हणलासा, जाया नगं, पत्राची वाट बघू. तवा मी सोळा धरलं. म्हणलं, आता जाऊन गाठ पडायची न्हाई, म्हणून ह्यो नेत न्हाई. मला एकदम सांगवत न्हाई ह्येला."

"मग बोलला का न्हाईसा?"

"काय बोलू? तुमी सांगत न्हाईसा, ते माज्यासाठनंच."

मी त्यांना खरा समजून चुकीचा आकडा दिला होता, त्यांनी तो खोटा समजून त्यात भर घातली होती, आणि त्यांची बेरीज माझ्यापेक्षा बरोबर निघाली होती. आठ दिवस एका घरात मी निर्धास्त जेवत होतो आणि त्या मुलगा गेला असं धरून शेंगा उलथत होत्या.

गुरुवारी, २३ तारखेला, सकाळी इस्पितळात पोहोचलो. पुतण्या त्यानंतर जगला, मार्चमध्ये घरी आला आणि आज आपल्या हाताने औत हाकतो, हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्याला टांगून ठेवणं मला आवडत नाही. पण त्या सकाळी हे आम्हाला ठाऊक नव्हतं. लांबलचक बराकीत दोन रांगांनी खाटा होत्या आणि त्या सगळ्या खाटांवर मला तोच पडलेला दिसत होता. वहिनींनी त्याला आधी ओळखलं. डोक्यावरचे केस काढलेले, गालाची हाडं वर आलेली, मनगट माझ्या दोन बोटांत मावेल एवढं.

"आये," तो म्हणाला. मग मला म्हणाला, "काका, फाइन हाय मी आता. व्हेरी फाइन."

फाइन हा शब्दही वहीत होता, चांगल्या हळदीसाठी. मी त्याच्या पायावर हात ठेवला. पाय गरम होता.

"किती दिवस ताप होता रं?"

"ठावं न्हाई काका. मधलं दिसच ठावं न्हाईत मला."

शेजारच्या खाटेवर कवठे महांकाळकडचा एक पोरगा होता. त्याचा बाप खाली भिंतीला टेकून बसलेला. डोक्याला मोठं मुंडासं, खांद्यावर घोंगडं, मेंढरांमागे जन्म काढलेला माणूस. आमचं बोलणं ऐकून तो सरकत जवळ आला. दहा दिवस झाले त्याला येऊन. त्याची तार गावच्या मास्तरांनी वाचली होती. तार वाचून मास्तर फक्त एवढंच म्हणाले होते, ऊठ आणि जा. तो त्याच पावली निघाला होता, मेंढरं भावाच्या हवाली करून. साताऱ्याला त्याला पासही मिळाला होता.

"माजाबी उतारलाय," तो मला म्हणाला. "परवाच्याला डाक्तर म्हणलं, खालच्या यादीत घातला. तुमच्यासारकाच. आता घिऊन जाणार घरला."

वहिनींनी त्याच्या हातावर तिळाचे दोन लाडू ठेवले. एक त्याने खाल्ला, एक मुलाच्या उशाशी ठेवला.

शनिवारी, २५ तारखेला, सकाळी आम्ही गेलो तेव्हा त्या खाटेभोवती पडदा लावलेला होता. बाप बाहेर पायरीवर बसला होता. त्याने मला पाहिलं आणि म्हणाला, "उतारला हुता की वो. तुमीबी ऐकलं न्हवं?"

मी हो म्हणालो. मी आत पुतण्याच्या खाटेकडे धावलो. तो जागा होता, दूध पीत होता. तरी मी त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजले. त्या दिवसापासून इस्पितळ सुटेपर्यंत रोज सकाळी मोजले. कुणी डॉक्टर बरं वाईट काही म्हणाला तरी मी ते आण्यांत धरलं नाही.

बाहेर आलो तेव्हा वहिनी त्या माणसाजवळ उभ्या होत्या. इस्पितळ आपल्या पद्धतीने सगळं करणार होतं, पण त्याला मुलाला कोऱ्या कापडात गुंडाळून निरोप द्यायचा होता आणि परक्या मुलखात ते कुठे मिळेल हे त्याला कळत नव्हतं. पासावर आलेल्या माणसाला कापडाचं कार्ड कोण देणार? वहिनी जवळच्या धर्मशाळेत आमच्या बिऱ्हाडाला गेल्या, गाठोडं घेऊन आल्या आणि त्यातलं मांजरपाट काढून त्याच्या मांडीवर ठेवलं.

तो कापडाकडे बघत राहिला. हे आमच्याजवळ तयार कसं, हे त्याने विचारलं नाही. त्याला ते कळलं असावं.

"किती पडलं?" त्याने विचारलं.

"ऱ्हाऊंदे," वहिनी म्हणाल्या.

"न्हाई आक्का. माज्या पोराच्या अंगावर उसनं नगं."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. पाच वार, वाराला बारा आणे, मी सांगितलं. त्याने धोतराच्या सोग्याची गाठ सोडली आणि चार रुपये काढून वहिनींच्या हातावर ठेवले. वहिनींनी ते मोजले नाहीत. मी त्याला चार आणे परत दिले. म्हणजे शेवटी दिलेली रक्कम तीन रुपये बारा आणे, माझ्या वहिनींना.